मी न झाडलेली बंदूक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही. छापखान्यात माझ्या शेजारी उभं राहून खिळे जुळवणाऱ्या मित्राला नाही. ज्या दोन माणसांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुमची-माझी ओळख पत्रकांतून झाली, आणि त्यातलं जे सर्वांत जास्त वाचलं गेलं, ज्याबद्दल तुम्ही मला शाबासकी दिलीत, त्याच्या पोटात एक खोटं आहे.

'पूजेतली बंदूक' हे ते पत्रक. आठवतं? लाल शाईतला मथळा, खाली दाट मजकूर. आधी कन्नडात काढलं, मग मीच मराठीत केलं. गावागावांतल्या परवान्याच्या बंदुका सरकारनं काढून घ्याव्यात, अशी त्यात मागणी होती. ती मागणी मला आजही चूक वाटत नाही. मग खोटं कुठं आहे? — थांबा. सांगतो. सरळ त्या जागी जायला गेलो की माझी लेखणी बाजूला सरते. थोडं लांबून येऊ द्या.

मी पत्रकांवर वाढलो. आमचे पूर्वज रंगारी. लाकडी ठशांनी लुगड्यांवर वेलबुट्टी छापायचे. तो धंदा बसला तेव्हा वडिलांनी एक जुनं ट्रेडल, पायानं चालवायचं छपाईयंत्र, घेतलं आणि म्हैसुरातल्या मंडी मोहल्ल्याच्या गल्लीत कापडाऐवजी कागद छापायला सुरुवात केली. राज्यांची फेररचना झाली, म्हैसूर राज्य मोठं झालं, त्या दिवसांत बाजूची आणि विरोधाची पत्रकं त्याच एका ट्रेडलवर निघत. वडिलांना दोन्ही सारखीच. मला मात्र दोन्ही पाठ. मी रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून ती मोठ्यानं म्हणायचो आणि गिऱ्हाइकं हसायची. 'धिक्कार असो' हे शब्द मला 'आई' लिहिण्याआधी जुळवता येत होते.

पुढं मी स्वतः लिहू लागलो. आणि मग ती गोष्ट घडली. हुणसूरच्या बाजूला एका गावात बांधावरून भांडण पेटलं आणि धाकट्या भावानं थोरल्याला गोळी घातली. बंदूक मिळालेली होती रानडुकरांसाठी. मी ते गाव पाहून आलो. थोरल्याची बायको अंगणात सुपात नाचणी — आम्ही रागीच म्हणतो — पाखडत बसली होती. पाखडून झालेली रागी पुन्हा सुपात घेत होती, पुन्हा पाखडत होती. कुणी तिला थांबवत नव्हतं. मी त्या दिवशी ठरवलं, बंदुकीला हात लावणार नाही. नुसतं ठरवलं नाही — छापलं. 'माझा हात बंदुकीला कधीही लागणार नाही', खाली माझं नाव. सांगा, आपलं नाव छापून आल्यावर माणसाला आपण तसे आहोतच असं वाटू लागतं की नाही?

माझा मामाही हुणसूरच्या पलीकडेच राहायचा, जंगलाच्या कडेला. त्यांचाही रंगाचा धंदा बसल्यावर त्याच्या वडिलांनी तिथं जमीन केली होती: तंबाखू, आणि घरच्यापुरती रागी. मामाच्या घरी भिंतीवर एक बंदूक होती. ठासणीची. म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू, मग छर्रे घालायचे, लोखंडी गजानं ठासायचे, मागं तांब्याची बारीक टोपी बसवायची आणि घोडा ओढून चाप दाबायचा. घोडा टोपीवर आपटला की बार उडतो. मामा तिला बंदूक म्हणायचा नाही. कन्नडातला शब्दच त्याच्या तोंडी — कोवी. घरातल्या म्हशीचं नाव घ्यावं तसं म्हणायचा.

मी त्याच्याशी वाद घालायचो. तो ओसरीवर पाय पसरून ऐकायचा. "काय पत्रकवाले," म्हणायचा, "डुक्कर आलं की तुझं पत्रक वाचून दाखवायचं त्याला, अल्वा, हो की नाही?" मामी आतून हसायची. शेजारच्या शेताचा पुट्टण्णा — तो कन्नडच बोलायचा आणि त्याच्यासमोर आम्हीही, तो कायम तिथंच असायचा, दोघांची राखण एकाच मचाणावरून चालायची — तो तर मला हाकच मारायचा 'अळिया' म्हणून. भाच्यालाही कन्नडात अळिया आणि जावयालाही अळिया. "अळिया, एक रात्र मचाणावर बस. मग लिही. साकु, तेवढं पुरे."

मी कधी बसलो नाही. कळपानं एकदा रागी तुडवली की वर्षाची भाकरी जाते, हे मला माहीत होतं. पत्रकात तो मुद्दाही मी घेतला होता आणि खोडूनही काढला होता. हत्ती आले तर मामा बंदूक त्यांच्यावर रोखायचाही नाही, मचाणावरच्या डब्यातले मोठे फटाके लावायचा. बंदूक फक्त डुकरांसाठी, आणि तीही बहुतेक वेळा आवाजापुरती. माणसावर ती उगारलेली कुणी पाहिली नव्हती. पण ती भिंतीवर आहे तोवर उगारली जाऊ शकते, असं मी म्हणायचो. आणि ते खरंच आहे ना? — पाहा, पुन्हा वाद घालतोय मी. वाद घालताना मला कसं छान वाटतं.

आता आयुधपूजा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा. आमच्या छापखान्यात ट्रेडलला झेंडूची माळ, खिळ्यांच्या खणांना कुंकू, आणि आल्यागेल्याला चुरमुरे-फुटाणे. मामाकडे नांगराचा फाळ, विळे, तंबाखूची पानं ओवायच्या सुया — आणि मधोमध कोवी. एकदा पूजेत ठेवलेलं हत्यार विजयादशमीच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही. म्हणून त्याच्याही आदल्या संध्याकाळी एक काम असायचं. ठासणीची बंदूक भरलेली असेल तर सहज रिकामी करता येत नाही. झाडूनच रिकामी करायची. मामा दर वर्षी तळ्याच्या बांधाशी जाऊन, मातीत नळी रोखून, एक बार काढायचा. मग घरी आणून नळी धुवायची, पुसायची, नळीत गज सोडून तळाला लागतो की नाही ते पाहायचं. भरलेलं हत्यार देवापुढं ठेवायचं नाही, असा त्याचा नेम. त्या बाराच्या आवाजावरून गावाला कळायचं, उद्या पूजा.

त्या वर्षी मामाच्या पायाला विळा लागला होता. पाय सुजला होता, अंगात ताप. त्यानं बंदूक मांडीवर घेतली, टोपी स्वतः बसवली, आणि माझ्याकडं धरली.

"स्वल्प, जरा जाऊन खाली करून आण रे."

मी माझ्या शपथेची आठवण करून दिली असती तर तो हसला असता आणि पुट्टण्णाला पाठवलं असतं. एवढंच करायचं होतं. पण पुट्टण्णा तिथंच बसला होता आणि म्हणाला, "अय्यो, अळियाला नको देऊ. कोवीच घाबरेल." सगळे हसले. मीही हसलो — आणि बंदूक घेतली.

हात लागला. शपथ तिथंच मोडली. तिचं मला फारसं काही वाटलं नाही, हेही सांगून टाकतो.

तळ्याच्या बांधाशी पोचलो तेव्हा उजेड होता, बगळे परतत होते. मामानं सांगितलं होतं तसं नळी मातीकडं केली, दस्ता खांद्याला लावला, घोडा मागं ओढला. चापावर बोट ठेवलं. आणि — काही नाही. बोट वळेना. मी पुन्हा प्रयत्न केला. ते लाकूड खांद्याला धक्का देईल, नळी फुटेल, डोळा जाईल, काय काय डोक्यात येत होतं. तुम्हाला वाटेल, त्या पाखडत बसलेल्या बाईचा चेहरा मला दिसला असेल. नाही दिसला. पत्रकात मी तसं लिहिलं असतं. मला फक्त भीती वाटत होती, आणि भीती वाटते हे त्या ओसरीवर जाऊन सांगायची लाज.

तत्त्व नंतर आलं. 'मी बंदूक झाडणार नाही, हेच योग्य' — हे वाक्य मला तिथंच सुचलं, आणि सुचल्यावर किती बरं वाटलं! मी अंगठ्यानं घोडा धरून अलगद टोपीवर टेकवला. टोपी काढून टाकली असती तरी पुढचं टळलं असतं. ते मला ठाऊक नव्हतं. पण नळीत दारू आहे, छर्रे आहेत, हे ठाऊक होतं. मचाण शेजारीच होतं. मी चढलो, डब्यातला एक फटाका घेतला, बांधावर ठेवला आणि पेटवला.

धडाम.

परत आलो तर पुट्टण्णा मान वाकडी करून बसला होता. "आज कोवीचा आवाज बारीक आला अल्वा?"

"दारू ओली झाली असेल," मामानंच उत्तर दिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "नळी पुसलीस?"

"पुसली," मी म्हणालो. पुसली होती. बाहेरून. परसदारी, खोबरेल तेलानं.

त्यानं गज सोडून पाहिला नाही. एरवी सोडायचा. पण बहिणीच्या मुलानं केलेलं काम सगळ्यांच्या देखत तपासून बघायचं — ते त्याला बरं वाटलं नसावं. त्यानं बंदूक मामीच्या हातात दिली, मामीनं देवघरासमोर पाटावर ठेवली, फाळाच्या शेजारी.

दुसरा सगळा दिवस माझ्या हातात होता. सगळा दिवस! मी आंघोळ करून पूजेला बसलो. मामीनं बंदुकीला हळदकुंकू लावलं, शेवंतीची माळ घातली. मी आरतीला टाळ्या वाजवल्या. खीर जेवलो. किती वेळा वाटलं, मामाला बाजूला घ्यावं. प्रत्येक वेळी वाटलं, उद्या सगळं उचलल्यावर मीच गुपचूप सांगेन. पूजा मोडायची नाही, हे त्यांचं बंधन. मी ते माझ्या सोयीसाठी वापरलं. देव न मानणारा मी, देवाच्या आड बसलो.

विजयादशमीला सकाळी पूजा उचलायला पुट्टण्णा आला. मामाला वाकता येत नव्हतं. तो दारात बसून सांगत होता. मी न्हाणीघरापाशी होतो. पुट्टण्णानं बंदूक एका हातानं उचलली, माळ फाळात अडकली, त्यानं ओढली. बंदूक निसटली आणि टोपीवर टेकलेला घोडा फाळावर आदळला.

तो आवाज बारीक नव्हता.

मी आत आलो तेव्हा धूर होता आणि धुरात पाकळ्या उडत होत्या. पुट्टण्णा बसला होता, अगदी ओसरीवर बसायचा तसा, आणि स्वतःच्या पायाकडं बघत होता. गुडघ्याखाली जे उरलं होतं त्याचं वर्णन मी पत्रकात केलंय. इथं पुन्हा करणार नाही. मामी किंचाळत होती. मामानं माझा दंड धरला. "खाली होती ना रे?"

आणि मी म्हणालो, "होय मामा. मीच केली होती."

तंबाखूच्या लॉरीतून पुट्टण्णाला म्हैसुराला आणलं. जीव वाचला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

फौजदार जबाब घ्यायला घरी आला. मामाच्या देखतच मी सांगितलं की मी बंदूक खाली करून दिली होती. पूजेआधीच्या रात्री डुकरं उतरली असावीत, मामांनी ती पुन्हा भरली असावी. असावी. पत्रकं लिहिणाऱ्याला शब्द कसा तोलायचा ते कळतं. मामा माझ्याकडं बघत राहिला. मी नजर चुकवली नाही — हे सर्वांत वाईट. मग त्यानंच मान हलवली. "असेल. तापात होतो मी. भरली असेन."

निष्काळजीपणाचा ठपका त्याच्यावर आला, दंड झाला, परवाना गेला, बंदूक जमा झाली. आणि मी म्हैसुराला येऊन आठवडाभरात ते पत्रक लिहिलं. 'माझ्या सख्ख्या मामाच्या घरी' अशी सुरुवात. 'शेतकऱ्याच्या तापलेल्या, विसराळू हातात सरकारनं मृत्यू दिला आहे' — हे वाक्य तुमच्यातल्या पुष्कळांना आवडलं. सभांमधून ते मी वाचून दाखवायचो, आणि 'विसराळू'पाशी जरा थांबायचो.

विसराळू. मामाला आमच्या कुळातल्या सगळ्या लग्नांच्या तिथी पाठ होत्या! पण त्या दिवसापासून त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला. तंबाखूची पानं वाळवायची भट्टी पेटली की आच सांभाळायला रात्रंदिवस माणूस लागतो. पंचक्रोशीत त्याच्याएवढा जाणता दुसरा नव्हता. त्यानं ते काम सोडलं. "नको बाबा," म्हणाला, "माझं मला कळत नाही हल्ली." दाराला कडी घातली की नाही हे तो मामीला विचारतो, मग उठून बघतो, मग परत विचारतो. डुकरांनी त्या वर्षी दोघांचीही रागी तुडवली. पुट्टण्णाला मचाणावर चढता येत नाही, म्हणून तो खाली कुबडी घेऊन बसतो आणि डबा वाजवतो. मामा वर बसून डबा वाजवतो. डुकरांना आता त्या आवाजाची सवय झाली आहे.

हे सगळं पाहूनही मी बोललो नाही. मग आज का बोलतोय?

मागच्या आयुधपूजेला मी मामाकडं गेलो होतो. देवघरासमोर पाट मांडला होता. फाळ, विळे, सुया. मधोमध, जिथं कोवी असायची तिथं, एक कागद ठेवलेला होता. त्यावर हळदकुंकू, शेवंतीचं फूल. जवळ गेलो तर लाल शाईतला मथळा दिसला.

माझं पत्रक. कन्नडातलं. मामानं वाचलं होतं, शब्द न् शब्द.

"हे पण आयुधच की रे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा असेल म्हणून मी शोधला. नव्हता. "तुझं आयुध आहे. घरात दुसरं कोवीसारखं काय राहिलंय? खरं लिहिलास तू. माझ्यासारख्याच्या हातात नकोच ती." मग हसून पुट्टण्णाला म्हणाला, "बघ, अळियाचं आयुध. याला आदल्या दिवशी खाली करायचं काम नाही."

पुट्टण्णा हसला नाही. तो माझ्याकडं बघत होता. त्याला तो बारीक आवाज आठवत असेल का? मला माहीत नाही. त्यानं कधी विचारलं नाही, आणि मी त्या दिवशीही आरतीला टाळ्या वाजवल्या.

हे मी मराठीत लिहितोय. मामाला देवनागरी वाचता येत नाही, तो घरात मराठी बोलतो आणि कन्नड वाचतो. पुट्टण्णाला मराठी कळतही नाही. म्हणजे ज्यांचं नुकसान केलं त्यांना न समजणाऱ्या भाषेत मी कबुली देतो आहे — ही पुन्हा फटाक्याचीच युक्ती नव्हे का? लिहिता लिहिता हे माझ्या लक्षात आलं. म्हणून हा मजकूर मी काल कन्नडातही जुळवला. माझ्या हातानं, एकेक खिळा. मथळा तसाच लाल आहे. ज्या ज्या गावांत पहिलं पत्रक वाटलं, तिथं हे वाटणार आहे, आणि ज्या सभांत ते वाचलं तिथं हे वाचणार आहे. बंदुकांविरुद्ध मी लिहीतच राहीन. पण मामाच्या घराचा दाखला देऊन नाही.

ते छापून होण्याआधी मी हुणसूरची बस धरणार आहे. पूजेच्या आदल्या दिवशी — ज्या संध्याकाळी मला पाठवलं होतं, त्याच संध्याकाळी. दोघं ओसरीवर असतील. आधी त्यांना, मग फौजदाराला. ते काय म्हणतील याचा अंदाज मी इथं लिहिणार नाही. जे म्हणतील ते त्यांचं. मला त्यांना एवढंच सांगायचं आहे, आणि 'असावी', 'असेल' असला एकही शब्द न वापरता सांगायचं आहे.

मामा, तू काही विसरला नव्हतास. मी बार काढला नाही. बंदूक भरलेली होती, आणि मला ते ठाऊक होतं.